सीएसव्हीचे डिफॉल्ट बदलावे की जुन्या वापरकर्त्यांसाठी तसेच ठेवावे?

प्रश्न (देवगड)

नमस्कार. आंबा बागायतदारांसाठी पावत्यांचे एक लहान सॉफ्टवेअर मी काही वर्षे सांभाळतो आहे. दिवसभराच्या पेट्यांची यादी त्यातून सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) निघते. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठीसह सर्व लिपी साठवणाऱ्या पद्धतीत, असली तरी तिच्या आरंभी बीओएम (ती पद्धत ओळखू यावी म्हणून लिहिलेली अदृश्य खूण) नसतो, त्यामुळे विंडोजवर डबल-क्लिक करून ती एक्सेलमध्ये उघडली की 'हापूस, ५ डझन' याच्या जागी भलतीच चिन्हे उमटतात आणि ऐन मोसमात मला फोन येतात. म्हणून बीओएम लिहिणे हेच डिफॉल्ट करावे, म्हणजे कोणी काही निवडले नाही तर आपोआप तसेच व्हावे, असे वाटते. मात्र काहींनी ही फाइल वाचणाऱ्या स्क्रिप्ट (छोटे प्रोग्राम) परस्पर लिहून घेतल्या आहेत, आणि त्या किती जणांकडे आहेत हे मला कळत नाही. ज्यांचे अडते ते फोन करतात, ज्यांचे सुरळीत चालते ते कधीच करत नाहीत. मग निर्णय कोणाकडे पाहून घ्यावा?

उत्तर (मालवण)

मी त्या फोन न करणाऱ्यांपैकी आहे. दुसऱ्या एका सॉफ्टवेअरने नेमका हाच बदल न कळवता केला होता. पहिल्या स्तंभाचे नाव पडद्यावर 'पावती' असेच दिसत होते, पण त्याच्या आधी तीन अदृश्य बाइट येऊन बसल्यामुळे माझ्या स्क्रिप्टला तो स्तंभ सापडेना. स्तंभ नसेल तर जागा कोरी सोडावी, असे मीच पूर्वी लिहून ठेवलेले. परिणामी आठवडाभर हिशेबात एकही पावती क्रमांक चढला नाही आणि कोठे त्रुटीचा संदेशही आला नाही. एक्सेलमधली बिघडलेली अक्षरे निदान डोळ्यांना दिसतात. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत फाइल 'यूटीएफ-८-सिग' या नावाने उघडली की बीओएम असो वा नसो, दोन्ही प्रकार वाचता येतात. पण हे आधी कोणी सांगायला हवे होते.

उत्तर (चिपळूण)

मायएसक्यूएल या डेटाबेसने ८.० आवृत्तीत, म्हणजे २०१८ साली, डिफॉल्ट अक्षरसंच लॅटिन१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचा) वरून यूटीएफ८एमबी४ (यूटीएफ-८ चाच पूर्ण प्रकार) केला. पण जुन्या टेबलांचा संच त्यांच्या व्याख्येतच नोंदलेला असल्याने ती होती तशीच राहिली. प्रोग्रामच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटने २०१४ च्या २.० आवृत्तीत 'पुश'चे (केलेले बदल सर्व्हरकडे पाठवण्याच्या आज्ञेचे) डिफॉल्ट बदलून एका फटक्यात सर्व समान नावांच्या शाखा, म्हणजे कामाच्या समांतर प्रती, पाठवणे थांबवले, आणि ज्यांनी ती सेटिंग स्वतः लिहिलेली नव्हती त्यांना आधीच्या आवृत्त्यांपासून इशारा दिला होता. आपणही अद्ययावत करताना, सॉफ्टवेअर आधीपासून असलेल्या संगणकांवर 'बीओएम नाही' हे सेटिंगच्या फाइलमध्ये लिहून टाकावे आणि नव्यांना नवे डिफॉल्ट द्यावे.

उत्तर (अलिबाग)

जुन्यांची काळजी घेताना हेही ध्यानात असू द्या. १९७६ साली 'मेक' हे प्रोग्राम बांधणीचे साधन लिहिणाऱ्या स्टुअर्ट फेल्डमन यांना आज्ञेच्या ओळीच्या आरंभी टॅबची (दिसायला तो साध्या मोकळ्या जागेसारखाच) सक्ती चूक असल्याचे लवकरच उमगले होते, परंतु तोवर डझनभर वापरकर्ते झाले होते आणि त्यांचे काम बिघडू नये म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली. एका डझनासाठी (आपल्याकडे एवढ्यात पेटीसुद्धा भरत नाही) पुढच्या साऱ्या पिढ्या टॅब शोधत बसल्या. तुमचे वापरकर्ते आज मोजके आहेत, तेव्हा बदल आत्ताच स्वस्त पडेल. चिपळूणकरांच्या उपायात एक खोट मात्र आहे: शेजारच्या दोन बागायतदारांकडे एकाच आवृत्तीच्या दोन तऱ्हेच्या फाइली निघतील, आणि फोनवर तुम्हाला आधी तेच विचारावे लागेल.

प्रश्नकर्ता (देवगड)

ती खोट मला पत्करेल, कारण चालू सेटिंग मुख्य पडद्यावरच दाखवता येईल. मार्च ते मे या काळात काहीही बदलणार नाही. नवी आवृत्ती पावसाळ्यात, पेट्या थांबल्यावर देईन. जुन्यांकडे जुनेच राहील आणि पहिल्यांदा फाइल काढताना बदलायचे का, असे एकदाच विचारले जाईल. मालवणकर, बीओएम असलेली नमुना फाइल आधी पाठवतो. आपल्या स्क्रिप्टवर चालवून पाहाल का?

उत्तर (मालवण)

अवश्य. फाइलमध्ये निदान एक रकाना रिकामा ठेवा, माझी स्क्रिप्ट तिथेच फसते.