मदत हवी आहे : व्यावसायिक कौशल्यांबद्दल विद्यार्थ्यांना नेमके कसे विचारावे?

नमस्कार. मी ऐरोलीत अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला व्यावसायिक कौशल्ये शिकवते. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा, म्हणजे अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, पूर्ण सदस्य झाला. अभ्यासक्रमांच्या अधिमान्यतेच्या (अ‍ॅक्रेडिटेशनच्या) निकषांत संवाद, संघकार्य आणि नीतिमूल्ये तांत्रिक ज्ञानाच्या जोडीने आहेत, तरी मुलांच्या लेखी हा प्लेसमेंटपुरताच विषय. परवा गटचर्चेत अवाक्षर न काढलेला मुलगा तासानंतर लिफ्टच्या मेकॅनिकला दाराच्या सेन्सरमधला बिघाड इतक्या नेमक्या मराठीत समजावत होता, की मी जिन्यातच थांबले. त्याला मात्र हे कौशल्य वाटलेच नाही (गुण नव्हते ना!). मला प्रश्नावली करायची आहे, पण ‘हे महत्त्वाचे वाटते का?’ असे विचारले की सगळेच ‘हो’ म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नवे अभियंते हाताखाली घेणाऱ्यांनी, त्यांचे पहिल्या वर्षी कुठे अडते, हे कृपया प्रसंगासह सांगावे.