स्वतःच्या शिक्षणाची हकिगत लिहिताना चिंतन कसे यावे?

प्रश्न : बालाघाटची लेक

नमस्कार. मी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि ‘माझा शैक्षणिक प्रवास’ हे आत्मकथन आम्हाला लिहून द्यायचे आहे. माझे आईवडील ऊसतोड कामगार. दसरा-दिवाळीनंतर ते गाव सोडत आणि पाडव्याच्या सुमारास परतत. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर जात असे. परत येई तेव्हा वर्ग भागाकारापर्यंत पोहोचलेला असे आणि मी हातच्याच्या बेरजेतच. पाचवीपासून आजीजवळ राहून शिकले. हे सारे मी वर्षावार लिहिले आणि शेवटी ‘परिस्थितीने मला घडवले’ असा परिच्छेद जोडला. प्राध्यापिकांनी वही परत देताना शेरा दिला, की घटना आहेत, चिंतन नाही. चिंतन म्हणजे नेमके काय? वाचणाऱ्याने माझी कीव करावी, असे मला मुळीच नको आहे.

उत्तर : निवृत्त शिक्षक

ताई, चिंतन हा शेवटी जोडायचा परिच्छेद नव्हे. त्या वेळच्या मुलीला जे कळले होते आणि आज शिक्षिका होऊ पाहणाऱ्या तुम्हाला जे कळते, त्यांतले अंतर प्रसंग सांगता सांगताच दिसले पाहिजे. त्यासाठी सगळी वर्षे लिहिण्याची गरज नाही. धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. त्यांच्या पुढच्या पदव्या फारशा कोणाच्या लक्षात नसतात, ही पायपीट मात्र राहते. तुमचा हातच्याचा प्रसंग तसाच आहे. तेव्हा ‘मी ढ आहे’ असे वाटले असेल, तर ते तसेच लिहा. आणि आज वर्गात असे मूल समोर आले, तर त्याला कोणत्या पायरीपासून शिकवाल, तेही तिथेच लिहा.

उत्तर : फडावरचा

सरांशी सहमत आहे. मीही कोपीत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या झोपडीत, वाढलो, म्हणून एक विचारतो. तुम्हाला आजीजवळ ठेवायचे, हे कोणी ठरवले? नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात आणि त्यावर उचल, म्हणजे तोडीच्या कामातून फेडायची आगाऊ रक्कम, मिळते. पोरगी सोबत असली, तर ती धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करते. तिला मागे ठेवले, तेव्हा ती कामे कोणाच्या अंगावर पडली? हे घरी विचारल्याशिवाय तुमची हकिगत पुरी व्हायची नाही.

बालाघाटची लेक

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल आईला फोन केला. आजीने हट्ट धरला म्हणून मी गावी राहिले, असे मी इतकी वर्षे समजत होते. ते आईनेच ठरवले होते. त्या हंगामात धाकट्या भावाची झोळी तिने बांधावरच्या बाभळीला टांगली; तो रडला की ती कोयता खाली ठेवून उठे, मोळ्या कमी पडत, आणि त्या वर्षी उचल फिटली नाही. उरलेली रक्कम पुढच्या हंगामावर गेली. माझ्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकाबद्दल मी जे अभिमानाने लिहिले होते, ते आता या उचलीशेजारी ठेवूनच लिहावे लागेल. शेवटचा परिच्छेद मी काढून टाकला आहे. रकमेचा आकडा लिहावा की नाही, हे मात्र आईला विचारूनच ठरवीन.