मॅथ.एसिन्ह हाताशी असताना सूत्र स्वतः का लिहावे?

धागालेखक:
नफा-तोट्याच्या आलेखात काही हजारांपासून काही कोटींपर्यंतचे आकडे एकाच पट्टीवर बसवायचे आणि तोट्याचे ऋण आकडेही दाखवायचे, तर साधा लॉगॅरिदम चालत नाही. तिथे इन्व्हर्स हायपरबोलिक साइन कामी येते, म्हणजे ऋण आकड्यांनाही चालणारे, लॉगॅरिदमसारखे फंक्शन; जावास्क्रिप्टमध्ये तेच मॅथ.एसिन्ह. आमच्या कोडमध्ये कोणीतरी पाठ्यपुस्तकातले सूत्र जसेच्या तसे उतरवले होते: एक्सच्या वर्गात १ मिळवून वर्गमूळ काढायचे, त्यात एक्स मिळवायचा आणि त्या बेरजेचा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्यायचा. दहा कोटींच्या नफ्याला १९.११ हे बरोबर उत्तर आले. दहा कोटींच्या तोट्याचा बिंदू मात्र आलेखावरून नाहीसा झाला. १ वर १६ शून्ये एवढ्या मोठ्या संख्येत मिळवलेला १ हा संख्या साठवण्याच्या ६४ बिटांच्या मांडणीत (जी जेमतेम १६ अंक नेमके ठेवते) टिकत नाही, त्यामुळे वर्गमूळ नेमके दहा कोटी येते, बेरीज शून्य होते आणि तिचा लॉगॅरिदम ऋण अनंत. एक कोटीचा तोटा त्याहून घातक, कारण तिथे −१६.८११ ऐवजी −१६.८०५ येते आणि कोणाला शंकाही येत नाही. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून तयार फंक्शन असताना हा उपद्व्याप कशासाठी?

प्रतिसाद १:
उदाहरण पटले, सरसकट नियम पटला नाही. अक्षांश मर्केटर नकाशावर (वेब नकाशांच्या नेहमीच्या सपाट मांडणीवर) नेताना अक्षांशाच्या टॅनवर हेच फंक्शन चालवतात आणि वेब नकाशे ८५.०५११ अंशांवर कापलेले असतात. त्या मर्यादेत तुमच्या सदोष सूत्राची चूक, पृथ्वीची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरूनही, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी भरते. उलट टॅनऐवजी साइन घेऊन त्यावर तयार एटॅन्ह (इन्व्हर्स हायपरबोलिक टॅन्जंट) चालवले, तर ८९.९९९९९९९ अंशांचा साइन संगणकात नेमका १ होतो आणि उत्तर अनंत येते. शिवाय शेवटच्या अंकाची हमी भाषेच्या विनिर्देशातच नाही, त्यामुळे दोन ब्राउझरांची उत्तरे तंतोतंत जुळतीलच असे नाही.

धागालेखक:
ती हमी लॉगॅरिदमलाही नाही, म्हणजे तुमच्या सूत्रालाही नाही. एटॅन्हच्या हाती आधीच बिघडलेली संख्या दिली, तर दोष फंक्शनचा कसा?

प्रतिसाद २:
चिन्ह बाजूला काढून धन संख्येवर सूत्र चालवावे आणि शेवटी चिन्ह परत लावावे, की तोट्याचा प्रश्न एका ओळीत मिटतो.

धागालेखक:
मग शून्याजवळच्या अतिलहान संख्यांना उत्तर शून्य येते म्हणून दुसरे ठिगळ, आणि अवाढव्य संख्यांचा वर्ग मावत नाही म्हणून तिसरे. एवढे करून आपण तेच फंक्शन पुन्हा लिहिलेले असते, तेही चाचण्यांशिवाय.

प्रतिसाद २:
रुपयांच्या आलेखात पैशाहून लहान आकडा येत नाही. माझी एक ओळ मला पुरते. तुमचे ग्राहक २०० आकडी तोटा करणार असतील, तर जरूर तयार फंक्शन घ्या.