काँप्युटरातला समुद्र आणि वर्सोव्याचा तांडेल

खाडीकाठचा:
काल इथे कोणीतरी टाकलं होतं, "चाळीस शास्त्रज्ञ एसीत बसून काँप्युटरवर समुद्र शिजवतात, त्यापेक्षा आमच्या वर्सोव्यात एखाद्या म्हाताऱ्या तांडेलाला विचारा, फुकटात सांगेल." वर दीडशे लाईक. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान, वारा बघून मासळी सांगेल, मान्य. पण अरबी समुद्रात साधारण दोनशे ते हजार मीटर खाली ऑक्सिजन जवळपास संपलेला असतो, ते कुठल्या वाऱ्यावरून कळणार? तिथले जिवाणू मग नायट्रेटवर भागवतात आणि त्याचा नायट्रोजन वायू होऊन जातो, म्हणजे समुद्राचं खतच उडालं. हा हिशोब एकट्यादुकट्याचं काम नाहीये. प्रवाह एकाला कळतात, प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, दुसऱ्याला, लोह-सिलिका तिसऱ्याला, आणि कोड लिहिणारा चौथा बसून तिघांना शिव्या घालतो. त्या भांडणातूनच काँप्युटरातल्या समुद्राचं मॉडेल उभं राहतं.

वर्सोव्याची_पोर:
ती कमेंट माझी. आणि तो "म्हातारा तांडेल" माझा बाबा आहे, त्यामुळे जपून. एवढं कळतं तुमच्या काँप्युटरला तर गेल्या ऑक्टोबरात काय झालं? मोबाईलवर मेसेज आला, अमुक ठिकाणी मासळी. बाबा डिझेल जाळत गेला तर तिथे आधीच पर्ससीनवाले, म्हणजे मासळीच्या झुंडीला जाळ्याने वेढणाऱ्या मोठ्या बोटी, गोल घालून बसलेले. मेसेज सगळ्यांना एकच, पळणारं इंजिन ज्याचं मोठं त्याची मासळी.

खाडीकाठचा:
अहो तो मेसेज उपग्रहाने बघितलेलं पाण्याचं तापमान आणि हिरवेपणा यावरून काढतात, ते वेगळं, मी बोलतोय ते वेगळं.

वर्सोव्याची_पोर:
डिझेल एकच होतं.

मुलुंडकर_नाना:
पर्ससीनला शिव्या देणं सोपं आहे हो. २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केला, आणि मार्केटात तळहाताएवढी पिल्लं मांडलेली असतात ती कोण विकतं? पर्ससीनवाले टोपली घेऊन बसतात का?

वर्सोव्याची_पोर:
आणि विकत कोण घेतं नाना? "लहान द्या, तव्यात अख्खं बसतं" म्हणणारे मुलुंडवरूनच येतात. बंदी १ जून ते ३१ जुलै, आम्ही कधीपासून बोंबलतोय नारळी पौर्णिमेपर्यंत करा, तेव्हा कुठला शास्त्रज्ञ उभा राहिला आमच्या बाजूने?

मुलुंडकर_नाना:
मी सुरमई खातो. उगाच आरोप नकोत.

कोड_पीडित:
पापलेट बाजूला ठेवा जरा. मी तो चौथा माणूस. तीन वर्षं एका संस्थेत (नाव नको) हेच केलं. सूक्ष्म प्राणी किती वेगाने प्लवक चरतात हा एक आकडा थोडा इकडेतिकडे केला की अख्ख्या अरबी समुद्राचा ऑक्सिजन हलतो, आणि तो आकडा ठरवायला लागतो संशोधन जहाजाच्या क्रूझवरचा डेटा. तो मागितला तर सर म्हणाले, "आधी आमचा पेपर येऊ दे." पेपर आला तोवर माझी फेलोशिप संपली. कसलं डोंबलाचं सहकार्य! उष्ण कटिबंधात पुढे ऑक्सिजन वाढणार की घटणार यावर जगातल्या मॉडेलांचं अजून एकमत नाही.

अर्धा_गोवेकर:
आठवा, २००९. आमची एनआयओ, गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, आणि जर्मन मिळून दक्षिण महासागरात तीनशे चौरस किलोमीटरवर लोह टाकायला गेले, की प्लवक फोफावेल आणि कार्बन तळाशी जाईल. प्लवक वाढलं आणि बारके प्राणी चरून मोकळे. झाला हिशोब.

खाडीकाठचा:
मग तेच तर म्हणतोय! तिथल्या पाण्यात सिलिका कमी, त्यामुळे सिलिकाचं कवच करणारे डायटम, हेही प्लवकच, वाढलेच नाहीत, जे वाढलं ते चरण्यासारखं. लोहवाला एकटा बसला असता तर त्याला हे कधी सुचलं असतं? आता आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली आपोआप मोजणारी यंत्रं, दोन हजार मीटर खाली जाऊन दहा दिवसांनी वर येतात, काही ऑक्सिजन-नायट्रेटही मोजतात, तो डेटा कोणीही घ्यावा. तुमच्या सरांना विचारायला नको.

कोड_पीडित:
फ्लोटचं ठीक आहे, ते मान्य. पण ते खोल पाण्यातले. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात काय चाललंय त्याचं मोजमाप कुठाय?

वर्सोव्याची_पोर:
बाबाकडे वही आहे. बावीस वर्षांची. किती वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात जाळं टाकलं, काय आलं, आणि कुठल्या तारखेला तळाला काहीच नाही, सगळी मासळी वरवर. पावसाळा सरताना असं होतं, तो म्हणतो खालचं पाणी मेलंय.

खाडीकाठचा:
ताई!! हे आधी नाही का सांगायचं? पावसाळ्यात खालचं पाणी किनाऱ्याकडे सरकतं, त्यात ऑक्सिजन कमी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याकडे हे मोजलेलंही आहे. ती वही स्कॅन करून द्याल का? "फुकटात सांगेल" असं तुम्हीच लिहिलंय.

वर्सोव्याची_पोर:
देते की. आधी आमचा पेपर येऊ दे.