निवृत्त थ्री नॉट थ्री: जपायची की वितळवायची?

आंबोलीघाट
पोलिसांच्या खांद्यावरची थ्री नॉट थ्री, म्हणजे पॉइंट ३०३ रायफल, आता इतिहासजमा होत चालली आहे. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात तिला रीतसर निरोप दिला. मोडीत निघालेल्या हत्यारांचे तुकडे होतात आणि ती भट्टीत जातात. माझी मागणी अशी, की यातल्या निवडक रायफली कायमच्या निकामी करून कोकणात ठेवाव्यात. शाळेत, वाचनालयात, आणि ज्या घरातला माणूस ती घेऊन लढला त्या घरातसुद्धा.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या. २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि उरलेले कैदेत गेले. त्या पलटणींत कोकणातल्या गावांतली पोरं होती. दुसऱ्या महायुद्धात माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत धारातीर्थी पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय २२. माणगावात त्यांचं स्मारक आहे. पण त्या पिढीने वर्षानुवर्षं वाहिलेलं हत्यार आजच्या मुलाला हात लावून कुठे बघता येतं?

आणि ही रायफल वाचता येते. बोल्टच्या, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या सरकत्या भागाच्या, दांड्याखाली उजव्या बाजूला राजमुकुट, बंगालमधल्या इशापूर कारखान्याचा शिक्का, मार्क म्हणजे आवृत्ती, आणि साल. स्वातंत्र्यानंतरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बोल्ट, नळी आणि बॉडीवरचे नंबर जुळतात का, हे पाहिलं की तिची किती वेळा दुरुस्ती झाली तेही कळतं. भट्टीत लोखंडाबरोबर हे सगळं जातं.

गुहागरचा_माजी_हवालदार
आंबोलीघाट, तळमळ पोचली, पण मला हे पटत नाही. मी पोलीस दलात ही रायफल वापरली आहे. चार किलोच्या आसपास वजन, दहा गोळ्यांचं मॅगझिन. जुन्या काडतुसांच्या टोपीतले क्षार नळी खातात म्हणून फायरिंगनंतर उकळतं पाणी ओतायचं, मग पुलथ्रूने, म्हणजे नळीतून ओढायच्या दोरीने, चिंधी फिरवायची, मग तेल. लाकडाला जवसाचं तेल. हे सगळं शिस्तीने करणारा माणूस होता म्हणून ती टिकली. आपल्या खाऱ्या हवेत एक पावसाळा दुर्लक्ष झालं तरी लोखंडाचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते हे शिपायालाही सांगता येत नाही.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. शस्त्रागारातून हत्यार सहीवर बाहेर जातं आणि सहीवर आत येतं. प्रत्येक नंबरामागे एक जबाबदार माणूस असतो. तो नंबर वहीतून कमी झाला की त्या रायफलीला कोणी वाली नाही. २६/११ ला सीएसटीवर आमची माणसं हीच रायफल घेऊन एके-४७ समोर उभी राहिली. तिचा मान मला कोणी शिकवू नये. मान राखायचा म्हणूनच ती दिवाणखान्यात नको.

कणकवलीचो_काजूवालो
तुमी भिंतीर टांगूच्या रायफलीर वाद घालतास. हय भातात डुकर आणि काजीत माकडा. पीक राखणीची ठासणीची बंदूक आज्याच्या नावार होती, ती माज्या नावार करून घेताना माझ्यो व्हाणो झिजल्यो. इलेक्शन लागला की ती पण ठाण्यात जमा, आणि इलेक्शन येता ता भात पिकाच्या टायमाक. जुनी हत्यारा जपा, माझा काय म्हणणा नाय. पण आदी चालू बंदुकीचो परवानो शेतकऱ्याक वेळेर गावांदे.

रत्नागिरी_कोर्टाजवळ
काजूवाल्यांचं दुखणं खरं आहे, पण त्यासाठी वेगळा धागा हवा. इथे कायद्याचं सांगतो.

थ्री नॉट थ्री ही प्रतिबंधित बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाची नळी. साध्या परवान्यावर ती मिळत नाही, नागरिकाला आयुध कारखान्याची पॉइंट ३१५ मिळते. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि वारशाने आलेल्या बंदुकाही त्याच मोजणीत धरल्या जातात. अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वीच्या हत्यारांसाठी संग्राहकांचा स्वतंत्र परवाना आहे. तो कायदा इथे नाही आणि येऊही नये.

१९५९ च्या शस्त्र कायद्यातलं कलम ४५ वाचा. जुन्या धाटणीचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार दुरुस्ती करूनही चालवता येणार नसेल, तरच सूट. काडतुसाच्या टोपीवर आपटणारी फायरिंग पिन काढली म्हणजे निकामी झाली असं समजणारे बरेच आहेत. पिन कोणताही लेथवाला बनवून देईल. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात वापरलेली काही हत्यारं स्लोव्हाकियात फक्त आवाजाची म्हणून विकली गेली होती. ती पुन्हा चालू करण्यात आली आणि माणसं मेली. एवढं एक उदाहरण मला पुरेसं आहे.

आंबोलीघाट
पॅरिसचं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतं. तिथे निकामी करण्याचं काम ढिलं होतं. त्याच वर्षी युरोपने सगळ्या देशांसाठी एकच कडक नियम केला. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यापासून प्रूफ हाउसचा, म्हणजे हत्यारं तपासणाऱ्या संस्थेचा, शिक्का आणि प्रमाणपत्र आहे. मी पिन काढा म्हणत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं तिथे, पोलादी खुंटी वेल्ड करा, नळी उभी चिरा, बोल्टचं तोंड कापा. बाहेरचे शिक्के, नंबर, लाकूड तसंच राहू द्या. एनसीसीची पोरं कवायतीला डीपी (ड्रिल पर्पज) रायफल घेतात, तीही गोळी झाडण्यासाठी नसतेच.

हवालदार साहेब, वहीचा मुद्दा मान्य. मग वही ठेवा की! निकामी रायफलीचाही नंबर पोलीस ठाण्यात नोंदवा, वर्षातून एकदा तपासा. शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीचा हिशोब तुम्ही ठेवता, मग चिरलेल्या नळीचा का नाही?

गुहागरचा_माजी_हवालदार
कारण ठाण्यात माणसं कमी आहेत. चालू बंदुकांची तपासणीच रखडते, त्यात शोभेच्या वस्तूंची भर कशाला? बघायचीच असेल तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं संग्रहालय आहे. तुम्ही आंबोलीचे, तुम्हाला बेळगाव किती लांब? रत्नागिरीत थिबा राजवाड्यात संग्रहालय आहे, तिथे काचेआड दोन-चार ठेवा, मी स्वतः येऊन तेल लावीन. घरात मात्र नाही.

आंबोलीघाट
थिबा राजवाड्यापासून सुरुवात होत असेल तर अर्जाचा मसुदा मी लिहितो, तुम्ही निगा राखण्याचं कलम लिहा. घरांची मागणी मात्र मी त्यातून काढणार नाही. ज्या आजीकडे नवऱ्याचं पदक आणि पेन्शनचा कागद एवढंच उरलंय, तिने बेळगावला का जायचं?