एम-वन गॅरंड घेताना: आधी नळी की आधी शिक्के?

पाणकावळा

गॅरंड घ्यायची म्हटली की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "ओरिजिनल आहे का?", म्हणजे भागांवरचे कारखान्याचे शिक्के मूळचे आहेत का. माझं म्हणणं, रेंजवर चालवायला घेणार असाल तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. नाही विचारलात तरी बिघडत नाही.

जॉन गॅरंडची ही आठ काडतुसांची सेमी-ऑटोमॅटिक रायफल अमेरिकन सैन्याने १९३६ साली स्वीकारली आणि १९५७ साली तिचं उत्पादन थांबलं. एकूण सुमारे ५४ लाख निघाल्या. महायुद्धानंतर, मग कोरियाच्या युद्धानंतर, त्यातल्या ढिगाने रायफली सरकारी डेपोत खोलल्या गेल्या आणि पुन्हा जोडल्या गेल्या. स्प्रिंगफील्ड कारखान्याचा बोल्ट (काडतूस ढकलून नळी मागून बंद करणारा भाग) विंचेस्टर कारखान्याच्या रिसीव्हरमध्ये (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य सांगाडा) टाकताना तिथल्या कारागिराने दोनदा विचार केला नाही. गेज (माप घ्यायचं साधन) म्हणतंय ठीक, तर ठीक. जाहिरातीत "ऑल मॅचिंग" लिहिणाऱ्याला तर तिथूनच नमस्कार करा. या रायफलीत सीरियल नंबर असतो फक्त रिसीव्हरवर. बाकी भागांवर असतात ते ड्रॉइंग नंबर, म्हणजे आराखड्याचे क्रमांक. मॅच व्हायचं काय आणि कशाशी?

मग बघायचं काय? आधी घशाची झीज. चेंबर (काडतूस बसतं ती पोकळी) संपून आटे (नळीतल्या वळणदार खाचा) सुरू होतात ती जागा. तिचं गेज मिळतं, नव्या नळीत ते ० किंवा १ दाखवतं, १०च्या जवळ गेलं की नळी संपत आली समजा. मग नळीचं तोंड. गॅरंड मागच्या बाजूने साफ करता येत नाही, रिसीव्हर मागे बंद आहे. त्यामुळे पोलादी गज तोंडाकडूनच आत-बाहेर झाला, वर्षानुवर्षं. तोंडाची झीज बरेचदा गोळीची नसते, गजाची असते.

त्यानंतर दस्ता. ट्रिगर गार्ड बंद करताना शेवटच्या टप्प्यात चांगला जोर लागला पाहिजे. अलगद बसला तर आतलं लाकूड दबलंय, नेम पसरणार. आणि ऑपरेटिंग रॉड, म्हणजे गॅसच्या दाबाने मागे जाऊन बोल्ट उघडणारा दांडा: स्प्रिंग काढा, रायफल पुढेमागे कलती करा, रॉड स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. कुठे अडखळला तर तो वाकलाय किंवा लाकडाला घासतोय.

एवढं नीट असेल तर शिक्का कुणाचा का असेना.

जुनाबाजार

पाणकावळा, अर्धं पटलं. उरलेलं अर्धं धोकादायक आहे.

शिक्के वाचता येणं हा संग्राहकांचा चोचला नाही, तो तुमचा जीव वाचवतो. सैन्याने मोडीत काढलेले काही रिसीव्हर गॅसने कापून भंगारात विकले होते. लोकांनी दोन वेगळ्या रायफलींचे अर्धे-अर्धे तुकडे जोडून, घासून, रंगवून बाजारात आणले. अशा सांधलेल्या रिसीव्हरवर चढवलेली नळी गेजवर फर्स्ट क्लास दाखवू शकते! तुमची परीक्षा ती पास होईल. पकडायची कशी? दस्ता काढायचा, रिसीव्हरच्या उजव्या बाजूला पुढच्या पायावरचा ड्रॉइंग नंबर बघायचा आणि तो मागच्या सीरियल नंबरच्या काळाशी जुळतो का ते ताडायचं. म्हणजे शिक्केच वाचायचे.

दुसरं उदाहरण. मागे "स्प्रिंगफील्ड आर्मरी" दिसलं की लोक खूश. मॅसॅच्युसेट्सचा तो सरकारी कारखाना १९६८ साली बंद झाला. इलिनॉयमधल्या एका खासगी कंपनीने तेच नाव घेऊन पुढे गॅरंड बनवल्या, त्यांचे रिसीव्हर ओतीव, सरकारी मात्र घडीव. सरकारी नंबर ६१ लाखांच्या आसपास संपतात, खासगी ७० लाखांपासून सुरू होतात. वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण सरकारी समजून सरकारी किंमत मोजू नका.

उनाडढग

मला एक कळत नाही, एवढी पारख करायचीच कशाला? सीएमपी, म्हणजे सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅम, जुन्या रिसीव्हरवर नवी नळी आणि नवा दस्ता लावून "एक्स्पर्ट ग्रेड" विकते. रिसीव्हर तपासलेला, हेडस्पेस (बोल्ट बंद असताना काडतुसासाठी उरणारी जागा) तपासलेला. ऐंशी वर्षांची झिजलेली नळी गेज घालून मोजत बसण्यापेक्षा ते बरं नाही का?

पाणकावळा

बरं आहे, मिळत असेल तर. सीएमपी कायद्याने फक्त अमेरिकन नागरिकांनाच विकू शकते, शिवाय संलग्न क्लबचं सदस्यत्व लागतं. या धाग्यावर निम्मे ग्रीनकार्डवाले असतील. त्यांना दुकानदाराकडून किंवा गन शोमधूनच घ्यावी लागणार, आणि तिथे पारख आपली आपणच करायची.

जुनाबाजार, रिसीव्हरबद्दल आपला वाद नाहीच. तो सरकारी आणि अखंड हवा, हे मी गृहीत धरतोय. माझा आक्षेप उरलेल्या शिक्क्यांवर आहे. दस्त्यावरचे निरीक्षकांचे ठसे घ्या. ठसा मारायचा साचा बनवायला काय लागतं? लाकडावरचे खोटे ठसे बाजारात पैशाला पासरी आहेत. आणि न कापलेला ऑपरेटिंग रॉड! महायुद्धातल्या रॉडला एका ठिकाणी चौकोनी कोपरा होता, तिथे तडे जायचे. म्हणून सैन्याने नंतर त्या कोपऱ्यात अर्धगोल खाच पाडून घेतली. आज खाच नसलेल्या रॉडला संग्राहक जास्त पैसे मोजतात. म्हणजे सैन्याने दोष म्हणून काढून टाकलेली गोष्ट तुम्ही जादा दराने परत आणताय.

जुनाबाजार

अहो, तो रॉड लावून गोळ्या कोण झाडतंय? तो कपाटात ठेवायचा, रेंजवर जाताना खाच असलेला लावायचा. गॅरंड हत्याराशिवाय उघडते, रॉड बदलणं हे काही मिनिटांचं काम. आणि हो, खाच वेल्डने भरून "न कापलेला" म्हणून विकणारेही आहेत, तेव्हा ब्लूइंगखाली (पोलादावरच्या काळसर लेपाखाली) रंगाचा फरक बघा. हेही शिक्केवाल्यांनाच कळतं :)

नळीवरच्या तारखेचा मुद्दा राहिलाच. रॉड मागे ओढला की स्प्रिंगफील्डच्या नळीवर महिना आणि वर्ष दिसतं. विंचेस्टरच्या युद्धकाळातल्या नळ्यांवर तारीख नसते. विक्रेता "४३ची विंचेस्टर, तारीखवाली मूळ नळी" म्हणाला तर तो एकतर अडाणी आहे किंवा तुम्हाला समजतोय.

मोजपट्टी

दोघांचंही ऐकलं. गेजवर एवढा विश्वास ठेवू नका, असं एक गेजवालाच सांगतोय.

तोंडाचं गेज फक्त तोंड मोजतं. झिजलेल्या तोंडाची नळी आतून थोडी मोठी कोरून घेतलेली असेल तर ते गेज निव्वळ फसतं, पण रायफल मात्र बरी चालते, कारण गोळी चांगल्या आट्यांतून बाहेर पडते. तोंडात गोळी खोचून किती बाहेर राहते ते बघणारे तर आणखी थोर. गोळीचा आकार बदलला की उत्तर बदललं.

आणि दोघांनीही ज्याचं नाव घेतलं नाही ते सांगतो: गॅस सिलिंडर, नळीच्या पुढच्या टोकावरचं नळकांडं, ज्यातला गॅस रॉड मागे ढकलतो. पुढचा माशी-नेम या सिलिंडरवर बसलेला असतो. सिलिंडर नळीवरच्या खाचांवर सैल असेल तर प्रत्येक गोळीगणिक नेमच हलतो. घसा १ दाखवू दे नाहीतर ५, निशाणी पसरणारच. हाताने डावी-उजवीकडे पिळून बघा. हलता कामा नये. सिलिंडर स्टेनलेस असतो, गंजत नाही, त्यामुळे तो चकचकीत दिसला म्हणून नळीही तशीच असेल असं मानू नका. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकन लष्करी काडतुसांचा प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टिकली) क्षार सोडायचा. साफसफाई चुकली की आट्यांत खड्डे.

उनाडढग

आणि विक्रेता दस्ता काढूच देत नसेल तर? गन शोमध्ये बऱ्याच टेबलांवर पाटीच असते, हात लावू नका.

मोजपट्टी

तर घेऊ नका. दस्ता उघडायला ट्रिगर गार्ड मागून ओढायचा, बस. तेवढंही करू देत नाही त्याला काहीतरी झाकायचंय.

जुनाबाजार

इथे मात्र तिघांचं एकमत.

पाणकावळा

एकमत तेवढ्यापुरतंच हं. "फक्त नळी चांगली" आणि "फक्त शिक्के चांगले" अशा दोन रायफली एकाच किमतीला समोर ठेवल्या तर मी पहिली उचलणार. जुनाबाजार दुसरी उचलतील, मग नळी बदलायला गनस्मिथकडे जातील, आणि नळी बदलली की त्यांचंच ओरिजिनल संपलं.

जुनाबाजार

मी ती चालवणारच नाही, हे तुमच्या का लक्षात येत नाही?

मोजपट्टी

उनाडढग, तुम्ही घेतलीत तर एक लक्षात ठेवा. या रायफलीला साधारण १५० ग्रेन (सुमारे १० ग्रॅम) गोळीचं एम-टू हे लष्करी काडतूस मानवतं. शिकारीची जड गोळी आणि सावकाश जळणारी दारू घातली की गॅसपोर्टपाशी (नळीतून गॅस सिलिंडरमध्ये जातो त्या छिद्रापाशी) दाब वाढतो आणि रॉड वाकतो. बोल्टच्या लगला (बोल्ट अडकवणाऱ्या कानांना) आणि रॉडच्या वाटेला तेल नको, ग्रीस लावा. हेडस्पेस मात्र पहिली गोळी झाडायच्या आधी गनस्मिथकडून मोजून घ्या, विक्रेत्याने काहीही सांगितलं असलं तरी.