महिन्यातून दोनच दिवस उघडणारे जुने दगडी घर उबदार कसे ठेवावे?

प्रश्न

सुमारे दीडशे वर्षांपूर्वीचे एक दगडी घर आम्ही सुटीत राहण्यासाठी घेतले आहे. भिंती ६० सेंटिमीटर जाड, बांधकाम चुन्यातले, खिडक्या लाकडी आणि एकेरी काचेच्या. हिवाळ्यात बाहेरचे तापमान शून्याखाली जाते आणि आम्ही महिन्यातून जेमतेम दोन दिवस तिथे असतो. शुक्रवारी रात्री हीटर लावले तर रविवारी दुपारी कुठे खोल्या राहण्याजोग्या होतात, आणि तोवर निघायची वेळ झालेली असते. आधीच्या मालकांनी बैठकीच्या खोलीत मीटरभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला होता. त्याच्या वरच्या कडेला आता पांढरा लोणा फुटला आहे आणि नुसते बोट फिरवले तरी रंगाचे पापुद्रे हातात येतात. भिंतींना आतून थर्माकोल लावावा, खिडक्या बदलून प्लास्टिकच्या चौकटी व दुहेरी काच बसवावी आणि फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घालाव्यात, असे कंत्राटदाराचे म्हणणे आहे. घराचे जुनेपण न घालवता यातले काय करावे आणि कोणत्या क्रमाने?

प्रतिसाद १

ही तिन्ही कामे मी तूर्त थांबवीन. लोणा फुटला आहे याचा अर्थ भिंतीत पाणी आहे, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा कितीतरी अधिक उष्णता बाहेर सोडते. म्हणजे तुमच्या हीटरची बरीचशी मेहनत ते पाणी सुकवण्यातच जात असणार. चुन्याच्या भिंतीतली ओल पृष्ठभागावरून हळूहळू उडून जाते. सिमेंटने ती वाट बुजवली, त्यामुळे ओल सिमेंटच्या वर चढली आणि तिथे सुकताना क्षार मागे ठेवून गेली. आधी पन्हळी तुंबल्या आहेत का आणि बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा वर आली आहे का, ते पाहा. नंतर सिमेंट हलक्या हाताने काढून, भिंत सुकू देऊन, चुन्याचाच गिलावा करा. भिंत सुकायला इंचाला एक महिना लागतो असा जुना ठोकताळा आहे. तुमच्या भिंतीला त्या हिशेबाने दोन वर्षे लागतील. तेवढा धीर धरणे हाच या कामातला सर्वांत अवघड भाग आहे.

थर्माकोलबद्दल एक हिशेब सांगतो. खोलीतली हवा २० अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर तिचे पाणी होते. आतून थर्माकोल लावला की त्यामागचा दगड आणखी थंड पडतो; फटींतून हवा तिथे पोहोचली की पाणी थर्माकोलमागेच साचत राहते. भिंतीत रोवलेले तुळईचे टोक कुजेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रतिसाद २

ओलीबद्दल पूर्ण सहमत. तापवण्याबाबत मात्र तुमचे घर महिन्यातले बहुतेक दिवस बंद असते, हे विसरून चालणार नाही. फरशीखालच्या नळ्या सतत वापरातल्या घरात उत्तम. पण ती जमीन तापायलाच इतका वेळ घेते की तुमच्या दोन दिवसांत तिचा उपयोग नाही. शिवाय मातीवर बसवलेली जुनी फरशी उखडून खाली काँक्रीट ओतले, तर जमिनीतली ओल भिंतींकडे वळण्याचा धोका आहे.

माझ्या मते घर कधीच पूर्ण थंड पडू देऊ नये. हीट पंपावर (बाहेरची उष्णता खेचून घरात आणणारे विजेचे यंत्र) चालणारे मोठे रेडिएटर, म्हणजे भिंतीलगतचे गरम पाण्याचे तापक, बसवून एरवी ८ ते १० अंश राखावेत आणि येण्याच्या आदल्या दिवशी फोनवरून तापमान वाढवावे. हीट पंपाला असे मंद, सलग चालणेच मानवते. भिंती एकदम तापवण्याचा हट्ट सोडून बैठकीत बंद दाराची लाकडाची शेगडी ठेवलीत, तर माणसांना ऊब लगेच मिळते. लाकूड मात्र २० टक्क्यांहून कमी ओलाव्याचे हवे, आणि जुन्या धुराड्याला आतून नवी नळी घातल्याशिवाय ती पेटवू नये.

प्रतिसाद ३

खिडक्यांना हात लावू नका. जुने लाकूड बहुधा दणकट असते. कुजलेला तळचा भाग तेवढा जोडून घ्यावा, फटींना ब्रशपट्टी लावावी, झडपा दुरुस्त कराव्यात आणि आतून काढता-घालता येणारी दुसरी काच बसवावी. उद्या नको वाटली तर ती काढता येते, नुकसान काहीच नाही. पैसे उरले तर आधी माळ्यावर लोकरीचा किंवा लाकूडतंतूंचा थर घाला. छताच्या कडेच्या हवेच्या वाटा तेवढ्या मोकळ्या ठेवा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सिमेंट काढण्याचे काम आधी घेत आहे. मधल्या काळात भिंती सुकवण्यासाठी रॉकेलचा फिरता हीटर वापरला तर चालेल का?

प्रतिसाद १

नको. धुराडे नसलेल्या हीटरमध्ये एक लिटर रॉकेल जळले की साधारण लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने खोलीतच उतरते. विषारी वायूचा धोका वेगळाच. वीज असेल तर आर्द्रता खेचणारे यंत्र लावा, आणि वसंतातल्या पहिल्या दमट, उबदार दिवशी साऱ्या खिडक्या सताड उघडू नका. बाहेरची हवा थंड दगडाला लागून घामासारखी सुटते. मी स्वतः ती चूक केली होती आणि संध्याकाळपर्यंत भिंतीवरून ओघळ आले होते. भिंत हवेच्या तापमानाला आली की मग उघडा.